किती फुटी बोट घ्यावी? आधी बांबू घेऊन पाण्यात उतरा

माझा मावसभाऊ लग्नानंतर मालवणकडे राहायला गेला. सासरचं घर कर्ली खाडीच्या काठावर, देवबागच्या अलीकडे. मासे धरायचा नाद त्याला लहानपणापासूनचा, नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गळ टाकून तासन्‌तास बसायचा तेव्हापासूनचा. मागच्या दिवाळीत त्याचा फोन आला. "दादा, बोट घेतोय. अठरा फुटी घेऊ का बावीस फुटी?"

हिंगणा एमआयडीसीत माझं फायबरचं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या, शेडचे पत्रे, बागेतल्या घसरगुंड्या, आणि गेली चौदा वर्षं आपल्या विदर्भातल्या मच्छीमार सोसायट्यांसाठी डोंगे, म्हणजे छोट्या होड्या. समुद्र नागपूरपासून लांब, पण हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. कुहीचा माणूस येतो, पवनीचा येतो, नवेगावबांधचा येतो, आणि खुर्चीवर टेकायच्या आधी हेच विचारतो: किती फुटी?

लांबी ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी हे कळायला हवं की तुमच्या रोजच्या वाटेवर सगळ्यात कमी पाणी कुठे असतं, आणि घरी परतताना सगळ्यात वाईट वारा कसा लागतो. कमी पाणी म्हणतं, बोट लहान घे, हलकी घे, सपाट तळाची घे. वारा म्हणतो, मोठी घे, उंच काठाची घे, खाली निमुळत्या तळाची घे. खाडी असो की धरणाचं बॅकवॉटर, उथळ पाण्याची बोट निवडायची म्हणजे या दोघांचं भांडण मिटवायचं. ते कसं मिटवतात हे मी एक मोठी चूक करून शिकलो, म्हणून आधी ती चूक सांगतो.

गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवरच्या एका सोसायटीसाठी मी पहिली मोठी बोट केली. अठरा फुटी, खाली इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता तळ, नुसत्या बोटीचं वजन साडेचारशे किलो. ऑक्टोबरमध्ये नेऊन दिली तेव्हा वैनगंगा काठोकाठ होती. नारळ फुटला, पेढे वाटले, बोट अशी पळाली की मलाच भरून आलं. मार्चमध्ये सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. जाऊन पाहतो तर पाणी मागे सरकलेलं आणि बोट काठापासून दोनशे मीटरवर गाळात रुतलेली. चार माणसं गुडघाभर चिखलात उभी राहून तिला ढकलत होती, आणि मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाया त्याच चिखलातून काठाकडे चालत होत्या. एक म्हातारे ढिवर काका काठावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, बोट चांगली हाय. पन हिच्यासाठी पानी कुठून आनू?"

परात आणि गंज

बोट पाण्यात किती बुडते, याला ड्राफ्ट म्हणतात. बोटीचा सगळ्यात खालचा भाग पाण्याच्या पातळीपासून किती खाली आहे, तेवढं अंतर. पाणी त्याहून कमी असेल तर बोट टेकते. ड्राफ्ट कशावर ठरतो हे समजून घ्यायला पुस्तक लागत नाही, स्वयंपाकघर पुरतं.

आंघोळीचा मोठा टब पाण्याने भरा. कणीक मळायची परात घ्या, साधारण चाळीस सेंटीमीटर व्यासाची. तिच्यात दोन किलो तांदूळ पसरा आणि अलगद पाण्यावर ठेवा. परातीचं अर्धा किलो धरून एकूण अडीच किलो झालं. परात साधारण दोन सेंटीमीटर बुडते. आता तेच तांदूळ वीस सेंटीमीटर व्यासाच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, भरा. गंजाचं वजनही अर्धा किलो धरू. तो आठ सेंटीमीटर बुडतो. वजन तेच, बुडणं चौपट. कारण व्यास निम्मा झाला की पाण्यावर टेकलेलं क्षेत्रफळ पाव होतं.

कुठलीही तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजचा हा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला आहे. अडीच किलो वजनाला अडीच लिटर पाणी सारावं लागतं, मग ते पसरट सारा की खोल सारा. परात पसरट सारते, गंज खोल सारतो. गोड्या पाण्यात हिशेब सोपा पडतो, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. समुद्राचं पाणी किंचित जड, घनमीटरला सुमारे १०२५ किलो, त्यामुळे तीच बोट खाडीत केसभर वर तरंगते. तो फरक एवढा थोडा आहे की विसरून जा.

आता हाच हिशेब बोटीला लावू. चौदा फुटी, सपाट तळाचा डोंगा घ्या. टोकं निमुळती असल्याने पाण्यावर टेकलेला भाग साधारण चार चौरस मीटर धरा. याचा अर्थ, डोंगा एक सेंटीमीटर खाली जायला चाळीस किलो वजन लागतं. डोंग्याचं स्वतःचं वजन १२० किलो, इंजिन आणि पेट्रोलची टाकी मिळून ५०, दोन माणसं १४०, जाळी, बर्फ आणि मासळी ९०. बेरीज ४०० किलो. चाळीसने भागा: दहा सेंटीमीटर. चार इंच पाण्यात ही बोट तरंगते. तिसरा माणूस चढला तर पावणेदोन सेंटीमीटर आणखी. माझी साडेचारशे किलोची अठरा फुटी याच्या शेजारी ठेवा. तिच्या निमुळत्या तळामुळे सगळा भार मधल्या रेषेवर खोल जायचा, आणि माणसं-सामान चढलं की वीतभर पाणीही तिला पुरायचं नाही.

नागपूरकरांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तेव्हा बचाव दलाच्या रबरी बोटी गल्ल्यांमधून फिरल्या. कंबरभर पाण्यात जवान त्या हाताने ओढत होते आणि आत म्हाताऱ्या आजी बसलेल्या. रबरी बोट हलकी, हवेच्या जाड नळ्या दोन्ही बाजूंना, खाली पसरट. वजन कमी आणि बूड मोठं, म्हणजे आपली परातच.

पंखा विसरू नका

चार इंच पाण्यात तरंगणारा डोंगा चार इंच पाण्यात चालेलच असं नाही. मागच्या फळीला लावलेलं आउटबोर्ड इंजिन खाली उतरलेलं असतं आणि त्याचा पंखा तळाच्याही खाली फिरतो. छोट्या इंजिनाचंही खालचं टोक तळापासून जवळपास फूटभर खाली जातं. म्हणजे बोट चार इंच पाण्यात आणि इंजिन सव्वा फूट. कागदावर विक्रेता जो ड्राफ्ट लिहून देतो तो बहुतेक वेळा इंजिन वर उचललेल्या बोटीचा असतो. दोन्ही आकडे मागा. मी माझ्या गिऱ्हाइकांना आता दोन्ही लिहूनच देतो.

इंजिनाची दांडी तीन मापांत मिळते, १५, २० आणि २५ इंच. मागच्या फळीची उंची मोजून त्याच मापाची दांडी घ्यायची. १५ इंचांच्या फळीला २० ची दांडी लावली तर पंखा विनाकारण पाच इंच खाली लोंबतो आणि पहिल्याच खुंटाला धडकतो. गोसीखुर्दमध्ये हे फार होतं, कारण धरण भरलं तेव्हा बुडालेल्या शेतांतली झाडं अजून पाण्याखाली उभी आहेत. त्यात इकॉर्निया. बाकीचे लोक जलपर्णी म्हणतात ती. तिची मुळं पंख्याला अशी गुंडाळतात की विळ्याने कापून काढावी लागतात. म्हणून इंजिन असलं तरी बांबू आणि वल्हं बोटीत असलंच पाहिजे, आणि बोट एवढीच जड हवी की बांबूने रेटता येईल.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला हमखास फसवते. वेगात धावणारी बोट पाण्यावर उचलली जाते, त्यामुळे गुडघाभर पाण्यावरूनही ती मजेत निघून जाते. मग मासे दिसतात, तुम्ही इंजिन बंद करता, बोट खाली बसते. आता परत निघायचं म्हटलं की सुरुवातीला मागचा भाग आणखी दबतो आणि पंखा गाळ उपसायला लागतो. जिथून धावत आलात तिथून उभ्या बोटीने निघता येत नाही. सागरी गवताच्या कुरणात असा पंखा फिरला तर गवत मुळापासून निघतं आणि ती जखम भरायला वर्षं लागतात. त्याच गवतात माशांची पिल्लं वाढतात, म्हणून ही चूक फक्त तुमच्या पंख्यापुरती राहत नाही.

पाणी किती, हे कोणत्या दिवशी मोजायचं

मावसभावाला मी सांगितलं, बोटीचं नंतर पाहू, आधी सहा-सात हाताचा बांबू घे. त्यावर वीत-वीत अंतरावर रंगाने खुणा कर. घरापासून मासे धरायच्या जागेपर्यंतची वाट कुणाच्या तरी होडीतून जा आणि दर थोड्या अंतरावर बांबू टेकव. पण हे सगळं पाणी सगळ्यात कमी असेल त्या वेळी. बाकी वेळी मोजलेलं पाणी खरेदीच्या कामाचं नाही.

कोकणात ही वेळ चंद्र ठरवतो. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा भरतीचं पाणी सगळ्यात वर आणि ओहोटीचं सगळ्यात खाली. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार कमी. तिकडच्या जुन्या लोकांचा हिशेब फार सुंदर आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्यापुढे सहा तासांनी ओहोटी. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या पुढे जाते, मालवण-वेंगुर्ल्याकडे ती बरीच कमी. त्यामुळे मुंबईच्या खाडीतल्या माणसाचा अनुभव जसाच्या तसा मालवणला चालत नाही.

आमच्या तलावांची ओहोटी वर्षातून एकदाच येते, पण आठ महिने चालते. गोसीखुर्दची पूर्ण पातळी २४५.५ मीटर. पावसाळ्यानंतर पाणी तिच्या जवळ असतं, मग सिंचनाला, पिण्याला सुटत सुटत मे महिन्यापर्यंत काठ कुठल्या कुठे जातो. बॅकवॉटरचा काठ मुळात सपाट शेतीचा, त्यामुळे पाणी एक मीटर उतरलं तरी किनारा शेकडो मीटर मागे सरकतो. मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, असंच. उन्हाळ्यात त्यांच्यात कमळाची देठं आणि गाळच जास्त. म्हणून आता मी सोसायटीवाल्यांना एकच विचारतो: अक्षय्य तृतीयेला तुमचं पाणी कुठं असतं ते दाखवा.

बांबूवर दिसलेल्या सगळ्यात कमी पाण्यातून एक वीत वजा करायची. तळ आणि जमीन यांच्यात तेवढी फट राहिलीच पाहिजे, कारण लाटेच्या खळग्यात बोट खाली जाते आणि गाळाखाली दगड असू शकतो. जे उरलं तो तुमचा ड्राफ्ट. त्याहून जास्त बुडणारी बोट कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, हे मी पोटतिडकीने सांगतो. ती सोसायटी गरीब होती.

मग सपाट डोंगाच घ्यावा ना?

इथे वारा बोलायला लागतो. परत त्या टबाकडे चला. परात तरंगतेय, तिचा काठ पाण्यावर थोडाच उरलाय. टबात हाताने लाटा करा. परातीचं बूड पाण्यावर थाडथाड आपटतं आणि तिसऱ्या-चौथ्या लाटेला पाणी आत येतं. गंज त्याच लाटांत डुलतो, पण कोरडा राहतो.

उथळ पाण्याची लाट खोल समुद्राच्या लाटेपेक्षा छोटी असते, पण बोटीला जास्त त्रास देते. वाऱ्याची लाट किती मोठी होणार हे वाऱ्याचा जोर, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून आला यावर ठरतं. बॅकवॉटरमध्ये किंवा खाडीत ते अंतर काही किलोमीटरच असतं, म्हणून लाटा आखूड आणि लागोपाठ येतात. दर दोन सेकंदांनी येणाऱ्या लाटेची लांबी, एका शेंड्यापासून दुसऱ्या शेंड्यापर्यंत, खोल पाण्यात साधारण सहा मीटर असते, म्हणजे वीस फूट. तीन सेकंदांच्या लाटेची चौदा मीटर. पण तीच तीन सेकंदांची लाट दीड मीटर पाण्यात शिरली की तिला जमीन लागते, ती दहा-साडेदहा मीटरवर आखडते आणि उभी राहते. उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीजवळ गेली की फुटते.

आता चौदा फुटी डोंगा त्या वीस फुटांच्या लाटांवर ठेवून पाहा. मागचा भाग शेंड्यावर असतो तेव्हा नाक खळग्यात गेलेलं असतं, आणि समोरून पुढची लाट उभी. पाणी थेट मांडीवर येतं. बावीस फुटी बोट एकाच वेळी दोन शेंड्यांवर टेकते, तिचं नाक खाली जायला जागाच मिळत नाही. लांबीचा खरा उपयोग हा आहे. मासे जास्त मावतात, माणसं ऐसपैस बसतात, हे नंतरचं.

बोट उलटण्यापासून मात्र लांबी फारशी वाचवत नाही. तिथे रुंदी कामाला येते. आडवं कलंडायला बोट जो विरोध करते तो लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. चौदा फुटी डोंगा अठरा फुटी केला आणि रुंदी तीच ठेवली तर हा विरोध तीस टक्क्यांच्या आसपास वाढेल. लांबी चौदाच ठेवून रुंदी चार फुटांची पाच केली तर तो जवळपास दुप्पट होतो. वर, बूड पसरल्यामुळे ड्राफ्टही कमी होतो. म्हणून माझ्या साच्यांमध्ये गेल्या काही वर्षांत लांबी तीच राहिली आणि रुंदी वाढत गेली. वल्हवायला थोडी जड जाते अशी तक्रार येते, ती खरी आहे.

कोकणातल्या लोकांनी हे गणित न मांडता सोडवलंय. अरुंद होडीला बाजूला उलांडी बांधतात, दोन दांड्यांच्या टोकाला एक तरंगता ओंडका. बोट अरुंद, हलकी, कमी पाण्यात जाणारी, पण पाण्यावरची तिची रुंदी दुप्पट-तिप्पट. मावसभावाने त्याचा फोटो पाठवला तेव्हा मी तो वर्कशॉपमधल्या पोरांना दाखवला.

माणसं किती बसवायची, याचा एक ढोबळ हिशेब अमेरिकेत छोट्या बोटींसाठी वापरतात: लांबी आणि रुंदी फुटांत गुणायची आणि पंधराने भागायचं. चौदा गुणिले चार म्हणजे छप्पन्न, भागिले पंधरा, उत्तर साडेतीनच्या वर. म्हणजे तीन माणसं, चार नाही. आणि हा आकडा शांत पाण्याचा. माणूस उभा राहिला की भार वर सरकतो, सगळे एका बाजूला झुकले की कडेला सरकतो, आणि तळात साचलेलं पाणी तर ज्या बाजूला बोट कलेल त्याच बाजूला धावतं. जुलै २०१७ मध्ये आपल्या जवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुण मुलांची नाव उलटली आणि त्यांतल्या अनेकांचे जीव गेले. त्या दिवसापासून मी डोंग्याच्या आतल्या बाजूला माणसांचा आकडा लाल रंगात फायबरमध्येच घालून देतो, खरवडून निघू नये म्हणून. लाइफ जॅकेट तेवढीच घ्या, एक जास्त.

तळाचा आकार हा या भांडणातला मधला तोडगा आहे. पूर्ण सपाट तळ सगळ्यात कमी बुडतो आणि सगळ्यात जास्त आपटतो. खोल व्ही लाट कापतो, पण पाणी जास्त मागतो. खुल्या समुद्राच्या बोटींत तळाचा आडव्या पातळीशी होणारा कोन वीस अंशांच्या पुढे असतो. खाडीच्या बोटीत मागच्या बाजूला दहा-बारा अंश ठेवतात आणि नाकाकडे तो तीव्र करत नेतात, म्हणजे लाट नाकाने कापायची आणि उभं राहायचं ते सपाट बुडावर.

फ्लोरिडा आणि टेक्सासच्या उथळ खाड्यांमध्ये हौशी मासेमारी फार मोठी आहे, त्यामुळे तिथे या तडजोडीच्या ठरावीक जाती झाल्या आहेत. टेक्सासची लगूना माद्रे ही खाडी तर शंभर मैलांहून लांब आणि सरासरी मीटरभरच खोल. तिथल्या अगदी कमी पाण्याच्या बोटी पंधरा ते अठरा फुटी, सहा-आठ इंच पाण्यात जाणाऱ्या, मागे एक उंच चौथरा असलेल्या. त्या चौथऱ्यावर उभं राहून लांब काठीने बोट रेटायची आणि मासे वरून पाहायचे. आमचे ढिवर काका डोंग्याच्या टोकावर उभे राहून हेच करतात. दुसरी जात खाडी आणि किनारा दोन्ही करणारी, अठरा ते चोवीस फुटी, फूट-सव्वाफूट पाणी मागणारी. मावसभावाच्या डोक्यातली बावीस फुटी ही या दुसऱ्या जातीतली होती. तिला दीडशे हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन लागतं, ट्रेलर लागतो, ट्रेलर ओढणारी गाडी लागते. चौदा फुटीला दहा-पंधरा हॉर्सपॉवर पुरते आणि ती पिकअपच्या डाल्यातून थोडी बाहेर काढून, दोर बांधून नेता येते. फायबर घ्यावं की अ‍ॅल्युमिनियम यावर मी तास-तास बोलू शकतो, पण फायबरवाल्याने ते बोलू नये. दगडाळ तळावर अ‍ॅल्युमिनियम चेपतं, फायबर तडकतं, आणि फायबर गावात दुरुस्त होतं, एवढं पुरे.

मालवणचा निकाल

तो अमावास्येच्या ओहोटीला बांबू घेऊन गेला. व्हिडिओ कॉलवर मला बांबू दाखवला. खाडीच्या मध्यात पाणी बक्कळ, पण घरासमोरच्या गाळाच्या पट्ट्यावर ओली खूण दुसऱ्या विती‌च्या थोडी वर. दोन वीत म्हणजे दीड फूट. त्यातून एक वीत गेली, उरली एक. इंजिन उचलून बोट त्या नऊ इंचांत बसली पाहिजे. बावीस फुटीचा विषय तिथेच संपला.

मग वाऱ्याचं. मी विचारलं, संगमाच्या बाहेर जाणार आहेस का? कर्ली देवबागला समुद्राला मिळते, तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघत असतं आणि समुद्राची लाट आत येत असते. दोघं समोरासमोर भेटले की लाट आखूड होते, उभी होते, फुटते. तिथे छोट्या, सपाट बोटीने जाणं म्हणजे जिवाशी खेळ. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, खरं सांगू? तांबोशी आणि काळुंदर मला खाडीतच मिळतात. बाहेर वर्षातून चार वेळा जाईन." चार दिवसांसाठी उरलेल्या दिवसांची बोट बिघडवायची नाही, असं आमचं ठरलं. ते चार दिवस तो शेजाऱ्यांच्या मोठ्या बोटीत डिझेलचे पैसे देऊन जाणार आहे.

आता अठरा फुटी घ्यावी की तिच्याहून लहान, सोळा फुटी, एवढंच राहिलं. दोन्ही सहा फूट रुंद, तळ तसाच, अठरा फुटी लाटेत नक्कीच बरी. मी त्याला माझ्या गाळातल्या बोटीची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, एकदा टेकली की ढकलणार कोण ते बघ. बोटीवर तो आणि त्याचे सासरे, दोघंच. सासऱ्यांचं वय बासष्ट.

पुढच्या ओहोटीला वाडीतल्या दोघांनी आपापल्या बोटी त्यांच्यासाठी मुद्दाम गाळावर टेकवू दिल्या. जावई-सासरे पोटरीभर चिखलात उतरले आणि खांदा लावला. सोळा फुटी दोन हात सरकली. अठरा फुटी जागची हलली नाही. संध्याकाळी त्याने सोळा फुटीचे पैसे भरले.